नामदार गोपाळ कृष्ण गोखले

पुण्याहून मुंबईकडे निघालेली आगगाडी तळेगाव मागे टाकते, तोच दोन्ही अंगांना सह्याद्रीच्या रांगा दिसू लागतात. हाच मावळ प्रांत. इंद्रायणीच्या खोऱ्यातील भाताची खाचरे, डोंगरांच्या कुशीत विसावलेली लहान लहान गावे आणि लोहगड-विसापूरचे उंच कडे पाहत पाहत गाडी कामशेत, मळवली ही स्थानके ओलांडते व लोणावळ्यास येऊन पोचते. लोणावळ्यापुढे खंडाळा आणि त्यापुढे बोरघाटाचा उतार. घाटातील हा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. पुढे कितीतरी वर्षे घाटात एका ठिकाणी गाडी थांबे, तिचे इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकास जोडीत आणि मग ती उलट दिशेने पुढे निघे.

त्या काळी या वाटेने मुंबईस ये-जा करणाऱ्यांत पुण्याचे एक शिक्षक होते. त्यांच्यापाशी धन नव्हते, सत्ता नव्हती. होती ती केवळ अभ्यासाची शिदोरी. मावळातील कष्टकऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्यांचे नाव ठाऊक असेल. परंतु त्या कष्टकऱ्याच्या शेतीचा सारा, त्याच्या भाकरीबरोबरचे मीठ आणि त्याच्या मुलाची शाळा या तीन गोष्टींसाठी ते जन्मभर राज्यकर्त्यांशी वाद घालीत राहिले. या शिक्षकांचे नाव गोपाळ कृष्ण गोखले. कायदे कौन्सिलच्या सभासदास त्या काळी नामदार म्हणत. म्हणून लोक त्यांना नामदार गोखले या नावाने ओळखू लागले.

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव हे कागल येथे नोकरीस होते. घरची स्थिती बेताची होती. तथापि मुलांनी शिकून शहाणे व्हावे अशी त्यांची फार इच्छा होती. गोपाळ तेरा वर्षांचा असताना, १८७९ साली, कृष्णराव वारले आणि घरावर दुःखाचा डोंगर कोसळला. थोरला भाऊ गोविंद हा स्वतः शिकत होता. त्याने शिक्षण सोडले आणि दरमहा पंधरा रुपये पगाराची नोकरी धरली. त्या पंधरा रुपयांतून आठ रुपये तो कोल्हापूरला शिकणाऱ्या गोपाळास पाठवी, आणि उरलेल्या सात रुपयांत घर चालवी.

आपल्या शिक्षणासाठी भाऊ आणि भावजय किती ओढग्रस्त सोसत आहेत, याची जाणीव गोपाळला पदोपदी होती. तो एक पैसाही उगाच खर्चीत नसे. घरच्या दिव्याचे तेल वाचावे म्हणून रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात तो अभ्यास करी, असे सांगतात. मॅट्रिकची परीक्षा उतरल्यावर आपणही नोकरी धरावी असे त्याच्या मनात आले. परंतु गोविंदाने ते ऐकले नाही. भावजयीने तर त्याच्या शिक्षणासाठी अंगावरचे दागिने मोडण्याची तयारी दाखविली. अशा माणसांच्या त्यागावर गोपाळ कॉलेजात गेला आणि १८८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाला.

त्याच्या शाळकरी वयातील एक गोष्ट प्रसिद्ध आहे. एकदा गुरुजींनी वर्गाला घरी करून आणण्यासाठी गणित दिले होते. दुसऱ्या दिवशी पाहतात तो सर्वांची उत्तरे चुकलेली. एकट्या गोपाळचे तेवढे बरोबर. गुरुजींनी त्याची पाठ थोपटली आणि त्याला वर्गात वरच्या जागी बसावयास सांगितले. तेव्हा गोपाळच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले. हे गणित आपण स्वतः सोडविले नसून दुसऱ्याच्या मदतीने सोडविले आहे, असे त्याने सर्वांसमक्ष सांगून टाकले. आपली नसलेली शाबासकी त्याला घेववली नाही. उत्तर बरोबर असून भागत नाही, तर ते खरेपणाने मिळविलेले असावे लागते, हा धडा त्याने इतक्या लहान वयात गिरविला. पुढे मोठमोठ्या अधिकाऱ्यांसमोर हिशेबाचे आकडे मांडताना हाच धडा त्यांच्या उपयोगी पडला.

बी. ए. झालेल्या तरुणाला त्या काळी सरकारी नोकरी सहज मिळे. गोखले यांनी तो मार्ग पत्करला नाही. ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले, आणि पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होऊन फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. अल्प वेतनावर वीस वर्षे शिकवीन, अशी प्रतिज्ञा आजीव सभासदास करावी लागे. गोखले यांचे मासिक वेतन पंचाहत्तर रुपयांच्या वर गेले नाही. इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र, यांपैकी कोणताही विषय शिकविण्याची वेळ आली तरी ते मागे सरत नसत. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक देशातील अनेक शाळांतून चालू झाले. सुटीच्या दिवसांत विश्रांती न घेता ते गावोगाव हिंडत आणि कॉलेजच्या इमारतीसाठी वर्गणी गोळा करीत.

याच सुमारास त्यांना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासारखे गुरू लाभले. सुमारे चौदा वर्षे त्यांनी रानड्यांच्या हाताखाली सार्वजनिक कार्याचे शिक्षण घेतले. सरकारचे जाडजूड अहवाल बारकाईने वाचावेत, त्यांतील जमाखर्च ताडून पाहावा, आणि पुरावा हाती आल्याखेरीज एक अक्षरही लिहू नये, अशी रानड्यांची शिस्त होती. सार्वजनिक सभेचे चिटणीस आणि तिच्या त्रैमासिकाचे संपादक म्हणून काम करताना ही शिस्त गोखले यांच्या अंगी मुरली.

१८९७ साली त्यांना विलायतेस जाण्याचा प्रसंग आला. हिंदुस्थानच्या राज्यकारभाराच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी तेथे एक आयोग नेमण्यात आला होता. त्याच्यापुढे साक्ष देण्यास गोखले गेले. त्या वेळी त्यांना एकतिसावे वर्ष चालू होते. लष्करावर किती खर्च होतो, विलायतेस दरसाल किती पैसा जातो, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. उलटतपासणीतही ते डगमगले नाहीत. देशात त्यांचे नाव झाले.

परंतु याच वर्षी त्यांच्यावर मोठी कठीण वेळ आली. पुण्यात प्लेगची साथ सुरू होती. रोगी शोधण्यासाठी गोरे सैनिक घरोघर शिरत, आणि त्यांच्या जुलमाच्या कहाण्या ऐकून लोक संतापले होते. पुण्यातील स्नेह्यांची पत्रे गोखले यांना विलायतेत मिळाली. सैनिकांनी स्त्रियांची विटंबना केल्याचा मजकूर त्यांत होता. तो वाचून गोखले यांचे मन पेटून उठले आणि त्यांनी तेथे तो आरोप जाहीरपणे मांडला. सरकारने पुरावा मागितला. मुंबईस परत आल्यावर पाहतात तो पुरावा देण्यास कोणी पुढे येईना. पत्रे लिहिणाऱ्या स्नेह्यांची नावे सांगितली असती तर ते संकटात सापडले असते. ती नावे सांगावयाची नाहीत, असे गोखले यांनी ठरविले. मग उरला एकच मार्ग. सिद्ध करता येत नाही असा आरोप आपण केला, याबद्दल त्यांनी सैनिकांची आणि सरकारची उघड माफी मागितली.

ही गोष्ट लोकांना मुळीच रुचली नाही. कोणी त्यांना भित्रे म्हटले, कोणी त्यांचा उपहास केला. काल ज्यांनी त्यांचा गौरव केला होता, त्यांनीच आज त्यांच्याकडे पाठ फिरविली. आपले सार्वजनिक आयुष्य संपले असेच गोखले यांना वाटू लागले. परंतु रानड्यांनी त्यांना धीर दिला. पुढच्याच वर्षी प्लेगने पुन्हा डोके वर काढले, तेव्हा ज्या लोकांनी निंदा केली होती त्यांच्याच वस्तीत गोखले स्वयंसेवक घेऊन सेवेला उभे राहिले. निंदेला त्यांनी शब्दांनी उत्तर दिले नाही, कामाने दिले. आणि यापुढे पुराव्यावाचून बोलावयाचे नाही, ही खूणगाठ त्यांनी मनाशी कायमची बांधली.

१८९९ साली गोखले मुंबई कायदे कौन्सिलवर निवडून आले. त्या सुमारास महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला होता. पिके बुडाली, गुरे मेली, आणि साऱ्याची बाकी थकली. सारा थकला म्हणजे जमीन सरकारजमा होई. १९०१ साली सरकारने एक विधेयक पुढे आणले. सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्यास पुन्हा कसावयास मिळावी, पण ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क त्याला नसावा, अशी तरतूद त्यात होती. शेतकऱ्याला सावकारापासून वाचविण्यासाठी हे करीत आहोत, असे सरकारचे म्हणणे होते. गोखले यांना मात्र त्यात निराळेच दिसले. जमीन ही शेतकऱ्याची पत. ती पतच काढून घेतली तर अडीनडीला त्याला कर्ज कोण देणार? मग तो आपल्याच जमिनीवर सरकारचे कूळ होऊन राहणार. मावळातल्या भातशेतकऱ्यापासून देशावरच्या जोंधळा पिकविणाऱ्यापर्यंत सर्वांच्या जमिनीचा हा प्रश्न होता. गोखले यांनी विधेयकास कसून विरोध केला. परंतु सरकारपक्षाची मते अधिक होती. तेव्हा सर फिरोजशहा मेहता यांच्याबरोबर गोखले आणि आणखी काही सभासद निषेध म्हणून सभागृहाबाहेर निघून गेले. विधेयक मंजूर झाले. कौन्सिलमधील पराभवाची गोखले यांना पडलेली ही पहिली गाठ होती.

याच काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद आणि पुढे अध्यक्षही झाले. कायदे कौन्सिलात देशाच्या कोट्यवधी रुपयांचा विचार चाले. नगरपालिकेत नळाच्या पाण्याचा, गटारांचा, रस्त्यावरच्या दिव्यांचा आणि प्राथमिक शाळांच्या खर्चाचा. परंतु गोखले यांना त्यात लहानमोठे असे काही वाटत नसे. आपल्या गावचा कारभार ज्यांना नीट करता येतो, तेच लोक पुढे देशाचा कारभार करू शकतात, अशी त्यांची दृढ श्रद्धा होती. म्हणूनच १९०८ साली एका सरकारी आयोगापुढे साक्ष देताना, गावोगाव पंचायती स्थापाव्यात आणि नगरपालिकांना खरे अधिकार द्यावेत, असा आग्रह त्यांनी धरला.

१९०२ साली फर्ग्युसन कॉलेजातून ते निवृत्त झाले. त्यांना दरमहा तीस रुपये निवृत्तिवेतन मिळू लागले. त्याच वर्षी ते व्हाइसरॉयच्या वरिष्ठ कायदे कौन्सिलात सभासद म्हणून बसू लागले. साऱ्या हिंदुस्थानचे कायदे या सभेत होत. तिच्या बैठका कलकत्त्यास भरत. अध्यक्षस्थानी स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन, भोवती सरकारी अधिकारी, आणि त्यांत मोजकेच हिंदी सभासद. अंदाजपत्रकावर भाषणे होत, पण त्यातला एक आकडाही बदलण्याचा अधिकार सभासदांना नव्हता.

२६ मार्च १९०२ रोजी गोखले अंदाजपत्रकावर बोलण्यास उभे राहिले. सरकारच्या तिजोरीत त्या वर्षी सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक पडली होती, आणि इतर सभासद त्याबद्दल अर्थमंत्र्यांचे अभिनंदन करीत होते. गोखले यांनी अभिनंदन करण्यास नकार दिला. सरकारच्याच अहवालांतील आकडे एकापुढे एक मांडून त्यांनी दाखवून दिले की, ही शिल्लक देशाच्या भरभराटीची खूण नव्हे. दुष्काळाने गांजलेल्या प्रजेकडून गरजेपेक्षा अधिक कर घेतल्याचा तो परिणाम आहे. म्हणून कर कमी करावेत, आणि सर्वांत आधी मिठावरचा कर कमी करावा.

मिठावरचा कर तेव्हा मणामागे अडीच रुपये होता. त्या वेळच्या एका रुपयाचे सोळा आणे होत, आणि एका मणाचे चाळीस शेर. म्हणजे अडीच रुपयांचे चाळीस आणे, आणि शेरामागे एक आणा नुसता कर! श्रीमंताला तो जाणवत नसे. परंतु लोणावळ्याच्या बाजारातून मीठ घेऊन डोंगरावरच्या आपल्या वाडीकडे जाणाऱ्या गरिबाला तो खचित जाणवे. श्रीमंत आणि गरीब यांना मीठ सारखेच लागते. एवढेच नव्हे, तर ज्याच्या भाकरीला दुसरे कोरड्यास नसते त्याला ते अधिक लागते. म्हणून या कराचा भार गरिबावरच अधिक पडे.

गोखले यांचे भाषण देशभर गाजले. त्यानंतर दरवर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी ते काय बोलतात, याकडे सर्वांचे लक्ष लागे. सरकारी अधिकारीही त्यांच्या भाषणाची आधीपासून तयारी करून येत, कारण गोखले यांनी दिलेला आकडा खोडून काढणे फार कठीण असे. मत त्यांच्या हाती नव्हते, पण सत्य होते. १९०३ साली मिठावरचा कर अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. १९०५ साली तो दीड रुपया झाला, आणि १९०७ साली एक रुपया. इतरही अनेकांनी त्यासाठी प्रयत्न केले होते. परंतु दरवर्षी न कंटाळता हा विषय कौन्सिलपुढे मांडणाऱ्यांत गोखले अग्रभागी होते.

त्यांचे सर्वच प्रयत्न असे सफळ झाले नाहीत. गुप्त कागदपत्रांचा कायदा, विद्यापीठांचा कायदा यांना त्यांनी विरोध केला; दोन्ही कायदे मंजूर झाले. पुण्यातही त्यांच्यावर टीका होतच असे. लोकमान्य टिळक आणि गोखले यांचे मार्ग भिन्न होते. सरकारशी लढा तीव्र करावा असे टिळकांचे मत होते. कायद्याच्या वाटेने पायरीपायरीने हक्क मिळवावेत असे गोखले यांचे. मतभेद तीव्र होते, परंतु दोघांचीही देशभक्ती निर्मळ होती.

केवळ भाषणांनी देश उभा राहत नाही, त्यासाठी आयुष्य वाहून देणारी माणसे लागतात, हे गोखले जाणून होते. १२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यास भारत सेवक समाजाची, म्हणजे सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीची, स्थापना केली. समाजाच्या सभासदाने स्वतःसाठी धन मिळवावयाचे नाही, सर्व हिंदी लोकांना जातिधर्माचा भेद न करता बंधू मानावयाचे आणि कोणाशीही वैयक्तिक भांडण करावयाचे नाही, असे नियम होते. श्रीनिवास शास्त्री, ना. म. जोशी, ठक्कर बाप्पा यांच्यासारखी माणसे या समाजात तयार झाली. त्याच वर्षी बनारस येथील राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद गोखले यांना मिळाले.

परदेशांतील हिंदी मजुरांचे दुःखही त्यांनी कौन्सिलपुढे मांडले. गोऱ्या मळेवाल्यांकडे पाच-पाच वर्षांच्या करारावर हे मजूर नेले जात आणि तेथे त्यांचे हाल होत. १९१० साली गोखले यांनी नाताळकडे असे मजूर पाठविणे बंद व्हावे, असा ठराव आणला. तो मान्य झाला आणि पुढच्या वर्षी ती भरती थांबली. १९१२ साली ते स्वतः दक्षिण आफ्रिकेस गेले. तेथे महात्मा गांधी हिंदी लोकांच्या हक्कांसाठी झगडत होते. गांधीजी त्यांना आपले राजकीय गुरू मानीत. साऱ्या दौऱ्यात ते गोखले यांच्या सोबत राहिले. तेथील काही कोकणी मुसलमान आणि महाराष्ट्रीय हिंदू मंडळींपुढे गोखले यांनी मराठीत बोलावे, असा आग्रह गांधीजींनी धरला आणि त्या भाषणाचा हिंदुस्थानी अनुवाद त्यांनी स्वतः केला.

परंतु ज्या कार्यात गोखले यांचा जीव सर्वांत अधिक गुंतला होता, ते कार्य म्हणजे मुलांचे शिक्षण. १९११ च्या शिरगणतीत या देशात शंभर माणसांत जेमतेम सहा माणसे साक्षर होती. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी १९०६ साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले होते. जे एका संस्थानाला जमले, ते ब्रिटिश सरकारला का जमू नये, असा प्रश्न गोखले यांना पडला. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी वरिष्ठ कायदे कौन्सिलात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले.

हे विधेयक अत्यंत सावधपणे तयार केलेले होते. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत पाठविणे सक्तीचे करण्याचा अधिकार नगरपालिकांना आणि जिल्हा मंडळांना मिळावा, एवढेच त्यात मागितले होते. पुण्यासारखे मोठे शहर असो वा लोणावळ्यासारखे लहान गाव असो, तेथील नगरपालिकेने इच्छा असेल तर सरकारच्या संमतीने हा नियम लागू करावयाचा. मुलींनाही तो पुढे लागू करता यावा, अशी सोय होती. खर्चाचे दोन भाग सरकारने आणि एक भाग स्थानिक संस्थेने उचलावयाचा. ज्या पालकाची मासिक प्राप्ती दहा रुपयांहून कमी असेल, त्याच्याकडून फी घ्यावयाची नाही. ज्याच्या भावाने पंधरा रुपयांतले आठ रुपये शिक्षणासाठी पाठविले होते, त्याला दहा रुपयांत घर कसे चालते, हे कोणी सांगावयास नको होते.

विधेयकावर देशभरातून मते मागविण्यात आली. अनेक सभांनी पाठिंबा दिला. परंतु विरोधही थोडा नव्हता. पैसा नाही, लोकांना सक्ती आवडणार नाही, अशी कारणे सरकारने पुढे केली. काही जमीनदारांना भय वाटले की, मुले शाळेत गेली तर शेतावर राबावयास कोण येणार! आपल्याच देशातील काही सभासदही विरोधात गेले. गोखले यांनी प्रत्येक आक्षेपाचे उत्तर दिले. त्यांची प्रकृती तेव्हाही ठीक नव्हती. मधुमेहाने त्यांना पोखरले होते.

मार्च १९१२ मध्ये विधेयक प्रवर समितीकडे, म्हणजे अधिक विचारासाठी निवडक सभासदांकडे, पाठवावे की नाही यावर मते घेण्यात आली. बाजूने तेरा आणि विरुद्ध अडतीस मते पडली. विधेयक बारगळले. हा निकाल गोखले यांना आधीच दिसत होता. तरीही ते निराश झाले नाहीत की कोणावर रागावले नाहीत. इमारतीचा पाया घालणाऱ्याला कळस पाहावयास मिळतोच असे नाही; म्हणून काही पाया घालण्याचे काम सोडून द्यावयाचे नसते, अशी त्यांची धारणा होती.

यानंतर गोखले फार दिवस जगले नाहीत. सरकारी नोकऱ्यांविषयीच्या आयोगाचे काम, विलायतेच्या फेऱ्या आणि दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहासाठी देशभर निधी जमविण्याचे श्रम यांनी त्यांचे शरीर झिजून गेले. १९१४ साली सरकारने त्यांना सर ही पदवी देऊ केली. ती त्यांनी नम्रपणे नाकारली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. नुकतेच दक्षिण आफ्रिकेतून परतलेले गांधीजी तेव्हा शांतिनिकेतनात होते. वार्ता कळताच ते पुण्याकडे निघाले. स्मशानात लोकमान्य टिळकांनी आपल्या या प्रतिपक्ष्याचा मुक्तकंठाने गौरव केला. जन्मभर ज्यांचे पटले नाही, त्यांनीही ज्याच्यासाठी अश्रू ढाळावेत, अशी त्यांची योग्यता होती.

आणि ते हरलेले विधेयक? १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला. गोखले यांनी मागितले होते तेच तेथे प्रथम हाती आले. १९५० साली अमलात आलेल्या भारताच्या राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे ध्येय राष्ट्रापुढे ठेवले. आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीस तो हक्क कायद्याने मिळाला. तेरा मतांनी जे मागितले होते, ते साऱ्या देशाने मान्य केले. मात्र त्याला शंभराला दोन कमी इतकी वर्षे लागली.

मावळात पावसाळ्याच्या दिवसांत डोंगरांवरून धबधबे कोसळत असतात आणि खाचरांतून भाताची लावणी चाललेली असते. अशा वेळी बांधावरून पाठीवर दप्तर घेऊन मुलेमुली शाळेकडे निघालेली दिसतात. वडिलांची प्राप्ती किती, हे त्यांना शाळेच्या दारात कोणी विचारीत नाही. त्यांच्या पाटीवर किंवा वहीत एखादे अवघड गणित उतरविलेले असते. ते ज्याचे त्याने सोडवावयाचे असते, आणि खरेपणाने सोडवावयाचे असते.